धरण किती भरलं, आणि कशानं?

मृग बरसून गेला आणि ओढे-नाले वाहते झाले, की आमच्या हिवरा आश्रमाच्या परिसरात एसटीच्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर एकच चौकशी सुरू होते. कोराडी किती भरली? कोणी निम्मी सांगतो, कोणी सांडव्याला दोन हात उरले म्हणतो. कोराडी म्हणजे आश्रमाजवळचा, कोराडी नदीवरचा मध्यम प्रकल्प. आजूबाजूच्या शिवारांचं ओलित, जनावरांचं पाणी, विहिरींची पातळी असं पुष्कळ काही त्याच्यावर अवलंबून आहे. तेव्हा ही चौकशी रास्तच आहे. दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या माणसांची ती चौकशी आहे. मी मात्र तिला एक शेपूट जोडतो. कशानं भरली? यावर टपरीवरचे लोक हसतात. "पाण्यानंच भरते ना गुरुजी, अजून कशानं भरीन?"

उत्तर पाहायला फारसा खर्च येत नाही. पहिल्या मोठ्या पावसाचं ओढ्याचं पाणी काचेच्या बरणीत भरायचं आणि बरणी खिडकीत ठेवायची. मी अनेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दर जूनमध्ये मुलांकडून हा प्रयोग करून घेत असे. दुसऱ्या दिवशी तळाशी वाळूचा थर दिसतो, त्यावर पोयटा. वरचं पाणी मात्र आठवडा झाला तरी चहाच्या रंगाचं राहतं, कारण काळ्या मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपणहून खाली बसतच नाहीत. तुरटी फिरवली की बसतात. मुलांना वाटायचं, झालं पाणी स्वच्छ. तिथूनच माझा खरा तास सुरू व्हायचा. शेतातून वाहून आलेल्या खताचं नत्र, फवारणीचं औषध, उकिरड्याचा निचरा, गटारातले जंतू यांतलं काहीच डोळ्यांना दिसत नाही, आणि तुरटीनं सगळं जातही नाही.

हे सगळं येतं कुठून, हे समजायला पाणलोट क्षेत्र हा शब्द नीट समजून घ्यावा लागतो. आपल्या घरावरच्या टिनाच्या छपराचा विचार करा. छपरावर कुठेही थेंब पडला तरी तो उतार धरतो आणि शेवटी पन्हळीतून एकाच ठिकाणी खाली पडतो. छपरावर कबुतरांनी घाण केली असेल तर ती पन्हळीखालच्या बादलीत येणारच. नदीचंही तसंच आहे. ज्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी एका नदीत उतरतं, ती सगळी जमीन त्या नदीचं छप्पर. आपला बुलडाणा जिल्हा तर दोन पाखी छपरासारखाच आहे. अजिंठ्याची डोंगररांग हे त्याचं आढं. उत्तरेकडे पडलेला थेंब पूर्णेतून तापीला आणि अरबी समुद्राला जातो. दक्षिणेकडचं बरंच पाणी पैनगंगेत उतरतं. ही पैनगंगा बुलडाण्याजवळ मढ गावाच्या परिसरात उगम पावते, येळगावच्या धरणातून बुलडाणा शहराला पाणी पाजते, पेनटाकळीला अडते, मेहकरला वळसा घालते आणि इसापूरच्या धरणातून पुढे सहस्रकुंडाला कोसळून वर्धा नदीला मिळते. तिथून प्राणहिता, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. आमची कोराडी ही या पैनगंगेच्या छपराची एक लहानशी वळचण.

पाणलोट डोळ्यांनी एका नजरेत पाहायचा असेल तर लोणारला जा. इतर ठिकाणी पाणलोटाची हद्द नकाशावर शोधावी लागते, लोणारला ती काठावर उभं राहून दिसते. उल्का आदळून झालेलं सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचं ते वाडगं. आत आलेलं पाणी कोणत्याही नदीला मिळत नाही, उन्हानं आटेल तेवढंच कमी होतं. म्हणजे पाण्याबरोबर आत आलेलं बाकी सगळं तिथंच राहतं. वरच्या गावाचं सांडपाणी सरोवरात उतरण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, तो याच कारणानं. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं आणि ते पाहायला झालेली गर्दी आपल्याला आठवत असेल. त्या गर्दीतल्या किती जणांनी काठावरच्या गटाराकडे पाहिलं असेल, कोण जाणे.

आता मुद्द्याकडे येतो. पाणी घाण होण्याचे दोन प्रकार असतात. एक, कारखान्याच्या किंवा शहराच्या नळातून येणारी घाण. ती एका ठिकाणी पडते, तिचा मालक ठाऊक असतो, त्याला नोटीस देता येते. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये आणि केंद्राचा जलप्रदूषणाचा कायदा १९७४ मध्ये आला, तो मुख्यतः अशा घाणीसाठी. दुसरा प्रकार विखुरलेल्या घाणीचा. या शेतातून पसाभर, त्या गोठ्यातून घागरभर, त्या गल्लीतून बादलीभर. प्रत्येकाचा वाटा एवढा थोडा की कोणावरही बोट ठेवता येत नाही आणि सगळ्यांचा मिळून तो एवढा मोठा की धरणाच्या पाण्याला वास येतो. मेहकर तालुक्यात नदीत रसायन सोडणारे मोठाले कारखाने नाहीत. आमची घाण दुसऱ्या प्रकारची आहे. हजार घरांना नोटीस काढणारं कार्यालय कुठंच नसतं. म्हणून इथं शेजाऱ्याशेजाऱ्यांत ठरवण्यावाचून दुसरा इलाज राहत नाही, आणि या कामात शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागलेला माणूस नव्हे. आपल्या ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणारा तो शेजारी.

ओढ्याच्या कडेनं एकदा वरपर्यंत चालत गेलं की वाटेतच सगळं दिसतं. आमच्याकडे खरिपाला सोयाबीन. या पिकाच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र स्वतःच धरून ठेवतात, त्याला वरून फारसं नत्र लागत नाही. तरी पीक पिवळं दिसलं की माणूस घाबरतो आणि युरियाची पिशवी फोडतो. पिकाच्या कामी न आलेला युरिया पहिल्या जोरदार सरीबरोबर निघून जातो. काही ओढ्याला, काही जमिनीत मुरून विहिरीला. विहिरीत तो नायट्रेटच्या रूपात सापडतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं असं भारतीय मानक सांगतं. त्याहून जास्त झालं तर वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. आणि इथं आपला नेहमीचा घरगुती उपाय उलटा पडतो. पाणी उकळलं की जंतू मरतात, नायट्रेट मात्र जात नाही. उलट वाफ निघून गेल्यानं उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतंच.

थोडं पुढे गेलं की फवारणीचा पंप धुण्याची जागा येते. ती बहुधा ओढ्याच्या काठालाच असते, कारण पाणी तिथं आहे. औषधाचे रिकामे डबेही तिथंच पडलेले असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा तोंडाला फडकं, हातमोजे यांची चर्चा खूप झाली. पंप कुठं धुवायचा याची झाली नाही. उन्हाळ्याकडे धरण उतरू लागलं की उघड्या पडलेल्या गाळावर गाळपेर होते. गाळपेरीच्या पिकाला टाकलेलं खत आणि मारलेलं औषध यांना वाहत यावंच लागत नाही, पुढच्या पावसाळ्यात धरणच त्यांच्यावर चढतं.

गावाजवळ आलं की गटार. आणि शौचालयं. २०१४ नंतर गावोगाव शौचालयं झाली, ही मोठी चांगली गोष्ट झाली. पण बांधताना लोकांचा कल मोठी टाकी बांधण्याकडे राहिला. टाकी मोठी म्हणजे पक्कं काम, अशी समजूत. दोन खड्ड्यांचं साधं शौचालय खरं म्हणजे आपल्याकडे जास्त उपयोगाचं. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, बंद केलेल्या खड्ड्यात वर्ष-दीड वर्षात सोनखत तयार होतं. टाकीतलं पाणी मात्र भरून वाहतं, त्याला शोषखड्डा नसेल तर ते गटारात येतं आणि गटार ओढ्याला येतं. आपली जमीन वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण अशी. मुरमाच्या थरातून आणि खडकाच्या भेगांतून पाणी भराभर सरकतं. म्हणून शौचालयाचा खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. विहीर आधी की खड्डा आधी, हा वाद पुष्कळ ठिकाणी ऐकला आहे. जंतूंना त्याच्याशी कर्तव्य नसतं.

मग लोक म्हणतात, ग्रामपंचायत टीसीएल टाकते ना? टाकते. पण ब्लीचिंग पावडर ताजी असेल तर तिच्यात क्लोरिन असतो साधारण तेहतीस टक्के. पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो आणि आपण नुसता चुना पाण्यात टाकत राहतो. शिवाय पाण्यात गाळ आणि कुजकी घाण जास्त असेल तर क्लोरिन आधी त्यांच्यावरच खर्च होतो. जंतूंच्या वाट्याला उरेल तेवढा. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरिन शिल्लक राहिला पाहिजे, आणि तो आहे का हे ओटी टेस्टच्या पिवळ्या रंगावरून कळतं. म्हणजे वरच्या शिवारातली माती अडवणं आणि खालच्या गावातली कावीळ टाळणं ही दोन वेगळी कामं नव्हेत. आता याला उपाय म्हणून वीस लिटरचे जार आले आहेत. ज्याला परवडतं तो घेतो. ज्याला परवडत नाही तो ओढ्याच्या खालच्या अंगाला राहतो, असं माझं निरीक्षण आहे.

सहकार्य हा शब्द व्यासपीठावर गोड लागतो. प्रत्यक्षात तो भांडणापासून सुरू होतो. आमच्याच भागातल्या दोन गावांची नावं न घेता सांगतो. वरच्या गावाचं गटार ओढ्याला मिळतं आणि त्याच ओढ्याच्या काठावर खालच्या गावाची पिण्याची विहीर आहे. एका उन्हाळ्यात खालच्या गावात कावीळ निघाली. बैठक बसली. मला मास्तर म्हणून बोलावलेलं. वरच्या गावचे एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, "आमचं पाणी आमच्या शिवारातून जाते, तुम्हाले काय करा लागते?" खालच्यांनी मागच्या पंधरा वर्षांतली सगळी उणीदुणी काढली, त्यात बैल चोरल्याचं एक जुनं प्रकरणही आलं. दोन तास असे गेले. गटारावर त्या दिवशी काहीच ठरलं नाही. ठरलं ते वेगळंच. वरच्या गावची जनावरं विहिरीच्या वर दोनशे पावलांवर ओढ्यातच पाणी प्यायला उतरत आणि दुपारभर तिथंच बसत. त्यांना पाण्यासाठी काठापासून दूर हौद बांधायचा, आणि हौदाच्या पाइपाचा खर्च खालच्या गावानं द्यायचा. खालच्या गावातले काही जण चिडले. घाण त्यांची आणि पैसे आम्ही द्यायचे? पण दिले. हौद झाला. जनावरं ओढ्यात बसायची थांबली. वरच्या गावाला घराजवळ बारमाही हौद मिळाला, म्हणून तो सांभाळलाही गेला. गटाराचं बोलणं त्यानंतर तिसऱ्या बैठकीला सुरू झालं आणि आजवर निम्म्या गल्ल्यांचं काम झालं आहे. निम्म्या उरल्या आहेत.

खालच्यांनी वरच्यांना पैसे द्यावेत हे आपल्याला विचित्र वाटतं. पण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरानं १९९७ मध्ये नेमका हाच करार केला. शहराचं बहुतेक पाणी लांबच्या कॅट्सकिल डोंगरांतून येतं. ते पाणी गाळण्याचा कारखाना उभारायचा तर अब्जावधी डॉलर लागणार होते. त्यापेक्षा डोंगरातल्या शेतकऱ्यांना शेणखत साठवण्याच्या पक्क्या जागा, ओढ्याकाठी कुंपणं आणि घरांच्या शौचालयाच्या टाक्या दुरुस्त करून देणं शहराला स्वस्त पडलं. शेतकऱ्यांनीही प्रथम भरपूर विरोध केला होता. आपल्या हौदाची आणि त्या कराराची जात एकच.

आपल्याकडे याची बीजं कायद्यातही आहेत. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा महाराष्ट्राचा २००५ चा कायदा पाहा. त्यात पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळावर कालव्याच्या मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे अशा तिन्ही भागांतले लोक घ्यावे लागतात. कारण मुखाकडचा माणूस शेपटाकडच्याला विसरतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. पाणी किती मिळेल यासाठी जी रचना केली, ती पाणी कसं मिळेल यासाठी का वापरू नये? राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१४ मध्ये अमलात आला. त्यात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समितीची कल्पना आहे. म्हणजे गावाची हद्द न पाहता पाण्याची हद्द पाहून नेमायची समिती. कल्पना उत्तम आहे. पण कागदावरच्या समितीला ओढ्याकाठी चालत नेणारी माणसं गावातूनच निघावी लागतात.

अशी माणसं निघतात याचा दाखला याच पैनगंगेच्या खालच्या अंगाला आहे. नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचं गाव आहे. तिथं घराघरासमोर शोषखड्डे झाले आणि उघडी गटारं गेली. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड. मोरीचं आणि भांडी धुतल्याचं पाणी टाकीत येतं, खरकटं-माती टाकीत राहते, पाणी भोकांतून झिरपून जमिनीत जातं. त्याला लोक मॅजिक पिट म्हणू लागले. गावातले डास गेले आणि त्याचा बोलबाला झाला. मग जिल्हा परिषदेनं ते काम इतर गावांत नेलं आणि नांदेड पॅटर्न हे नाव पडलं. मला यातली आवडलेली गोष्ट अशी की टेंभुर्णीला लोकांनी डासांसाठी खड्डे केले, नदीसाठी नव्हे. नदीचं भलं आपोआप झालं. ज्याला आपल्या दारात फायदा दिसतो तो खड्डा साफही ठेवतो. इथं एक सावधगिरी मात्र सांगतो. शोषखड्ड्यात शौचालयाचं पाणी सोडायचं नाही, विहिरीच्या जवळ तो खणायचा नाही, आणि निव्वळ काळ्या चिकण जमिनीत तो चालत नाही. खाली मुरूम लागला पाहिजे. आमच्याकडे काही ठिकाणी अनुदान आलं म्हणून भर काळीत खड्डे झाले. ते पहिल्याच पावसाळ्यात तुंबले आणि लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास उडाला.

पंजाबातली गोष्ट याहून मोठी. सुलतानपूर लोधीची काली बेई ही नदी गुरू नानकांच्या आठवणींमुळे शिखांना पवित्र. पण ती इतकी सडली होती की जवळ उभं राहवत नसे. २००० मध्ये संत बलबीरसिंग सीचेवाल यांनी कारसेवेनं ती साफ करायला घेतली. १६० किलोमीटरची ती नदी. लोकांनी हातांनी जलपर्णी उपसली, काठ बांधले. एवढ्यावर थांबले असते तर चार वर्षांत नदी पुन्हा तशीच झाली असती. पण त्यांनी काठच्या गावांचं सांडपाणी नदीऐवजी तळ्यांत वळवलं आणि तिथं ते निवळवून शेताला दिलं. शेतकऱ्याला खताचं पाणी मिळालं, म्हणून त्यानंच ते नदीत जाऊ दिलं नाही. नदी साफ करण्याच्या मोहिमा आपल्याकडेही निघतात, फोटो छापून येतात. नदीत येणारं पाणी कुठं वळवायचं हे ठरलेलं नसेल तर त्या मोहिमेचा उपयोग एका पावसाळ्यापुरता. राज्य सरकारनं २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' हे अभियान सुरू केलं, त्यात पंचाहत्तर नद्या घेतल्या. नाव मला आवडलं, कारण साफ करण्याआधी जाणून घ्या असं ते सांगतं.

कारसेवा म्हटली की आमच्या भागातल्या माणसाला विवेकानंद आश्रमातली पंगत आठवते. दर जानेवारीत विवेकानंद जन्मोत्सवाला शेवटच्या दिवशी लाखाच्या घरात माणसं शेतात ओळीनं बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून त्यांना पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. कोणत्या गावानं कोणत्या ओळीला वाढायचं, कोणाचा ट्रॅक्टर, कोणाच्या घरून पुऱ्या, हे सगळं ठरलेलं असतं. पन्नास गावांना एका वेळी एका कामाला लावणं आम्हाला जमत नाही असं कोणी म्हणू लागलं तर मी त्याला पंगत दाखवतो. अर्थात पंगत एका दिवसाची असते आणि तिचं पुण्य लगेच पदरात पडतं. ओढ्याचं काम बाराही महिने असतं आणि त्याचा फायदा दुसऱ्या गावाला आधी होतो. फरक आहे, तो नाकारून चालणार नाही.

त्यासाठी सर्वांत आधी लागते नोंद. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस गळून टक्कल पडू लागलं. देशभर बातमी झाली. पहिलं बोट पाण्याकडे गेलं, नमुने तपासले तर नायट्रेट आणि क्षार जास्त. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास करून गव्हातल्या सेलेनियमकडे लक्ष वेधलं. त्या दिवसांत माझ्या मनात एकच येत होतं. त्या विहिरींच्या दहा वर्षांच्या नोंदी गावाच्या हाती असत्या तर नायट्रेट आज वाढलं की आधीपासून होतं, हे एका दिवसात कळलं असतं आणि भीती निम्मी झाली असती. नोंदीची सोयही आहे. एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासण्याचं संच वापरायला शिकवायचं ठरलं. संच पुष्कळ गावांत आले. ते कपाटात आहेत की वापरात, हे आपापल्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. आणि कार्डाचा रंगही विचारा. पण हे कार्ड गावाचं असतं. वरच्या गावाला हिरवं आणि खालच्या गावाला लाल, असंही होऊ शकतं.

आमच्यापासून फार लांब नाही असा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा मी पुष्कळदा पाहिला आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात जमिनीखालचं पाणी निसर्गतःच खारट. किडनीच्या आजारांनी तिथली घरं पिचली. त्यांना सातपुड्यातल्या वान धरणातून एकशे चाळीस गावांच्या योजनेनं गोडं पाणी आणावं लागलं. त्यांच्या पाण्याचा दोष त्यांच्या हातचा नव्हता. कोराडीचं पाणी निसर्गानं गोडंच दिलेलं आहे.

आणि आता तर बाहेरचं पाणीही येऊ घातलं आहे. वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये मान्यता दिली. गोसेखुर्दचं पाणी कालव्यानं विदर्भ ओलांडून मोताळा तालुक्यातल्या नळगंगेपर्यंत आणायचं. पाण्याची गरज आहे, मी विरोधात नाही. पण नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला आणि वैनगंगा गोसेखुर्दला. कालवा झाला की नागपूरची गटारं बुलडाणा जिल्ह्याच्या वरच्या अंगाला येतील. ज्या नदीशी आपला आजवर संबंध नव्हता, तिच्या काठच्या लोकांशी आपल्याला बोलावं लागेल.

ते दूरचं झालं. यंदा मृगाआधी आमच्या ओढ्यावर आम्ही तीन जागा ठरवल्या आहेत. एक वरच्या गावाच्या वर, एक दोन्ही गावांच्या मध्ये, एक धरणात पाणी शिरतं तिथं. पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही ठिकाणचं पाणी एकाच वेळी भरायचं. बाटल्या दोन्ही गावच्या बचत गटांच्या बायका भरणार, आणि वरच्या गावची बाटली खालच्या गावच्या बाईनं भरायची, खालची वरच्या गावच्या बाईनं. ही अट त्यांनीच घातली. नायट्रेट आणि जंतूंची तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत होईल. आकडे दोन्ही ग्रामपंचायतींच्या फळ्यावर शेजारीशेजारी लिहायचे असंही ठरलं आहे. वरच्या गावच्या ग्रामसभेत यावर अजून थोडी कुरकुर आहे, कारण मधली बाटली त्यांचं गटार दाखवणार हे त्यांना कळलं आहे. तरी मे महिन्यात उरलेल्या गल्ल्यांपैकी दोन गल्ल्यांत शोषखड्ड्यांचं खोदकाम सुरू झालं, आणि या वेळी आधी मुरूम लागतो का ते पाहून.